सात नंबरला काही द्यायचं नाही

क्लिफ ऑर्गिलच्या बायकोचं दहन गुरुवारी दुपारी झालं आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला क्लिफ शेडमध्ये हजर होता. गवत कापायच्या यंत्राची पाती काढून त्याने टेबलावर ओळीने मांडली होती आणि एकेका पात्याला कानस मारत बसला होता. मी दारातून म्हटलं, "अरे, घरी बस की चार दिवस. कोण विचारणार आहे?"

"घरी पाती नाहीत," तो म्हणाला.

एवढंच. मी प्रयोगशाळेत गेले आणि चाळण्या धुवायला घेतल्या.

आमचं विद्यापीठ नावाला शहराचं. ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, पदवीदानाचा झगमगाट सगळा तिकडे, आणि आम्ही अकरा मैलांवर शेतात. तिकडची माणसं आम्हाला 'गाईंकडची' म्हणतात. इथे मातीवर, गवतावर आणि मेंढ्यांच्या पोटावर संशोधन चालतं. क्लिफचा बाप याच विद्यापीठाच्या गाईंच्या धारा काढायचा. क्लिफ चाचणी-शेतावर लागला तो सत्ताविसाव्या वर्षी, आणि पुढची एकतीस वर्षं तिथेच. वर्गात जाऊन व्याख्यान म्हणून त्याने कधी ऐकलं नाही. पण त्याने कापून, तोलून, लिहून ठेवलेल्या गवतावर तीन जण प्रोफेसर झाले. क्लिफ क्लिफच राहिला.

मी प्रमिला. इथल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मिला' करून टाकलं, आणि मीही भांडले नाही. नगर जिल्ह्यात वाढले, माती-रसायन शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि याच माती-परीक्षणाच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली. क्लिफ माती आणायचा, मी आकडा काढायची. आमची मैत्री म्हणाल तर एवढीच, आणि तेवढी पुष्कळ होती.

चाचणी-शेतात बारा प्लॉट आहेत. एकाला शेणखत, एकाला चुना, एकाला चुना आणि नत्र. आठ नंबरला सगळंच, जावयासारखं. आणि सात नंबरला काही नाही. एकोणीसशे एक्कावन्न सालापासून काही नाही. खत नाही, चुना नाही, फवारणी नाही. उलट दर जूनमध्ये त्यावरचं गवत कापून, तोलून बाहेर न्यायचं, म्हणजे जमीन दरवर्षी थोडी अधिक उपाशी. गंमत अशी की आठ नंबरमध्ये कमरेएवढं गवत माजतं, तीन जातींचं, बाकी शुकशुकाट. आणि या उपाशी सात नंबरमध्ये चाळीस-बेचाळीस जातींची झाडं. मे महिन्यात पिवळी फुलं, मग जांभळी, मग ते वारा नसतानाही थरथरणारं बारीक गवत. पाहुणे आले की सगळे सातसमोर उभे राहून फोटो काढतात. खाऊन माजलेल्यांचे फोटो कोण काढणार!

या सातची राखण क्लिफकडे. आत जायचं तर बूट बदलायचे, तळवे ब्रशने झाडायचे. डबा घेऊन बांधावर बसायचं नाही, पावाचा चुरा पडेल. नवे कुलगुरू पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांच्या हातात कॉफीचा कप होता. क्लिफने तो काढून घेतला आणि परत जाताना परत दिला. थंड झालेला. अठ्ठ्याण्णव साली कुणाचा तरी कुत्रा आत शिरला आणि एका कोपऱ्यात पाय वर करून गेला. तिथे हिरवागार डाग पडला, तिथली फुलं गेली आणि चार वर्षं परत आली नाहीत. क्लिफ त्या कुत्र्याचं नाव अजून सांगतो. पक्ष्यांना मात्र माफी होती. पक्षी नियम वाचत नाहीत, असं तो म्हणायचा.

ग्लेनिस, त्याची बायको, आमच्या कॅन्टीनच्या काउंटरवर होती. वेल्सची. आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळावं, आज डाळीचं सूप खारट झालंय. सगळ्यांना 'बाळा' म्हणायची. विद्यार्थ्यांना बाळा, विभागप्रमुखांना बाळा, आणि एकदा तपासणीला आलेल्या आरोग्य-निरीक्षकालाही. क्लिफ तेव्हा रोज साडेबाराला येऊन तोच चीज आणि लोणच्याचा पाव घ्यायचा, पैसे द्यायचा, मान हलवायचा आणि जायचा. असे आठ महिने गेले. मग एक दिवस तिने भर रांगेत विचारलं, "बाळा, लग्न करायचंय का, की नुसता पावच खाणार आहेस?" मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफ लाल झाला आणि म्हणाला, "दोन्ही."

मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

कॅन्टीन अडीचला बंद व्हायचं. मे ते जून, सातवरचं गवत कापेपर्यंत, ग्लेनिस रोज अडीचनंतर तिथे जाऊन फाटकाला टेकून उभी राहायची. तिच्या पायातल्या कॅन्टीनच्या चपलांना तेल लागलेलं, म्हणून क्लिफ तिला आत सोडत नसे. ती म्हणायची, "माझी सवत आहे ही. नवरा हिला ब्रशने झाडून भेटतो, मला तसाच चिखलाच्या बुटांनी." पण तिचं त्या तुकड्यावर मन होतं. फाटकावरून वाकून फुलं मोजायची आणि काउंटरवर जाहीर करायची, "आज नऊ ऑर्किड!" सत्तावीस वर्षांत तिने आत एक पाऊल टाकलं नाही.

तिला ऑक्टोबरमध्ये दुखणं निघालं, स्वादुपिंडाचं. फेब्रुवारीत तिला शेवटच्या आजाऱ्यांच्या रुग्णालयात हलवलं. मी एका बुधवारी गेले तेव्हा क्लिफ खिडकीपाशी बसला होता आणि ती उशांना टेकून होती, चेहऱ्याचं नुसतं हाड राहिलेलं. माझ्यासमोरच तिने विषय काढला.

"क्लिफ, मला सातवर टाक."

क्लिफने खिडकीबाहेर बघत विचारलं, "काय?"

"राख रे. माझी. सातवर टाक. मे महिन्यात टाक, सगळी फुलं असताना."

त्याने खिडकीची कडी लावून बघितली. मला वाटलं, रडेल आता. मग म्हणाला, "नाही जमणार."

"का?"

"फॉस्फरस."

ग्लेनिस हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. "ऐकलंस का गं मिला? सत्तावीस वर्षं संसार केला, आणि शेवटी मी खत!"

मीही हसले. पण क्लिफ हसला नाही. तो अगदी गंभीरपणे, एखाद्या नव्या पोराला समजावून सांगावं तसं सांगायला लागला, की हाडांच्या राखेत फॉस्फरस असतो, भरपूर असतो, सातला तो सत्तर वर्षांत मिळालेला नाही, जिथे राख पडेल तिथे राठ गवत उठेल आणि फुलं मरतील. "तुझ्यामुळेच फुलं जातील गं," तो म्हणाला. "तुलाच आवडणार नाही."

"मला काय कळणार आहे तेव्हा?"

"मला कळेल."

तिने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "अरे, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं का? घरातले पडदेसुद्धा मीच आणले." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. अकराव्या दिवशी गेली.

मी क्लिफवर चिडले होते, हे इथेच सांगून टाकते. माणूस जिवाने जातंय आणि हा फॉस्फरस सांगतोय. पण चिडून बोलायचं कुणाशी? तो त्या दिवसांत भिंतीसारखा झाला होता. 'कसा आहेस' विचारलं की 'वाईट नाही'. 'जेवलास का' विचारलं की 'हो'. एकदा मी त्याला डब्यातून वरणभात आणि तूप नेऊन दिलं. त्याने सगळं खाल्लं, डबा घासून आणून दिला, छान होतं म्हणाला. मी सहज विचारलं, काय आवडलं? त्याला काय खाल्लं तेच आठवेना.

चाचणी-शेताच्या प्रमुख डॉक्टर इमोजेन फेल. चाळिशीही गाठलेली नाही, मनाने चांगली. ती शेडमध्ये आली, म्हणाली, "क्लिफ, आपण ग्लेनिसच्या नावाचं बाक बसवू या. फाटकापाशी. मी मालमत्ता विभागाला विचारलंय." मालमत्ता विभागाचा अर्ज आठ पानांचा आला. बाकाची मुदत दहा वर्षं, त्यानंतर नूतनीकरण न केल्यास पाटी काढून कुटुंबाला परत. पाटीवर जास्तीत जास्त पन्नास अक्षरं. क्लिफने तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि फळीवर बियांच्या पाकिटांखाली ठेवून दिला.

"भर ना," मी म्हटलं.

"ती बसायची नाही कधी," तो म्हणाला. "उभीच राहायची."

राखेचा डबा त्याच फळीवर होता. साधा, हिरवट, झाकणाला फिरकी. घरी न ठेवता इथे का आणला, मी विचारलं नाही. मे आला. सात फुलून आला, त्या वर्षी तर जरा जास्तच. ऑर्किड चौदा. मोजायचं काम मीच केलं, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं, पण काउंटरवर जाऊन ओरडायची माझी छाती नाही. अडीच वाजता क्लिफ फाटकापाशी जाऊन उभा राहायचा, दहा मिनिटं, आणि परत यायचा. डबा फळीवरच. मला वाटायचं, आता टाकेल, उद्या टाकेल. टाकावी असंच मला वाटायचं. मातीचं माणूस असून वाटायचं. सत्तर वर्षांचा प्रयोग गेला खड्ड्यात, असंसुद्धा एकदा मनात आलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

माझी आई गेली तेव्हा मी इथेच होते. विमानाचं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवशी मी चाळीस नमुने तपासले आणि एकही आकडा चुकला नाही. त्यामुळे क्लिफचं ते पाती घासणं मला कळत होतं. राग होता तरी कळत होतं.

जूनच्या मध्यावर कापणी झाली. बारा प्लॉट, दोन दिवस. सात नेहमीप्रमाणे शेवटी. गवत वाळलं, गोळा केलं, तोललं, मी वजन लिहून घेतलं. मग क्लिफ म्हणाला, "तू हो पुढे." मी फाटकातून बाहेर आले आणि वळून बघितलं तर तो कापलेल्या गवताच्या खुंटांमध्ये मधोमध उभा होता, पाठमोरा. मी पुढे निघून आले. मनात म्हटलं, टाकतोय. टाक बाबा.

जुलैत ग्लेनिसची बहीण एर्लिस आली. शेडमध्ये चहा प्याली, डोळे पुसले आणि डबा पिशवीत घालून वेल्सला घेऊन गेली, आईवडिलांच्या कबरीत ठेवायला. तिने डबा उचलला तेव्हा तो चांगला जड होता. हाताला ओढ बसलेली मी पाहिली. म्हणजे थोडी टाकली असेल, मी स्वतःला समजावलं. अर्धी नाही, पाव टाकली असेल.

सप्टेंबरच्या शेवटी माती काढतात. प्रत्येक प्लॉटमध्ये वीस ठिकाणी पोकळ सळई खुपसायची, निघालेली माती बादलीत मिसळायची, वाळवायची, चाळायची, मग माझ्याकडे. फॉस्फरस काढायची रीत सोपी आहे. माती द्रावणात अर्धा तास हलवायची, गाळायची, त्यात एक औषध घालायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. जास्त असेल तर गर्द निळं. आठ नंबरची नळी दरवर्षी शाईच्या दौतीसारखी. सातची नळी बघून परकं माणूस म्हणेल, यात घालायचं विसरलात का?

त्या वर्षी सातची नळी लावण्याआधी मी ठरवून टाकलं होतं. आकडा वाढलेला निघाला, तर मी तीन लिहिणार. सातचा आकडा तीन असतो, मी आल्यापासून तीनच आहे. सव्वीस वर्षांत मी एक खोटा आकडा लिहिलेला नव्हता, आणि त्या दिवशी माझी पूर्ण तयारी होती.

नळी फिकी निघाली. यंत्रात घातली. तीन.

मी हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि तडक शेडमध्ये गेले. क्लिफ सॅंडविच खात होता. मी काय बोलणार आहे हे मलाच धड माहीत नव्हतं.

"सातचं आलं," मी म्हटलं.

"किती?"

"तीन."

तो घास चावत राहिला. मला आणखी चीड आली. "तुझ्या मनासारखं झालं ना? स्वच्छ आहे तुझा प्लॉट. एक कण नाही तिचा. सत्तावीस वर्षं झाली क्लिफ, आणि तिने एवढीशी गोष्ट मागितली तुझ्याकडे. मी तर लपवणार होते तुझ्यासाठी! आकडा खोटा लिहिणार होते मी, कळतंय का तुला?"

क्लिफने सॅंडविच कागदावर ठेवलं. कागदाच्या कडा आत दुमडल्या. मग म्हणाला, "पुन्हा कर."

"काय?"

"सातचं. पुन्हा करून बघ."

माझ्या आकड्यावर त्याने इतक्या वर्षांत कधी शंका घेतली नव्हती. मी म्हटलं, "का? काय चुकलंय?"

"टाकलीय मी," तो म्हणाला. "एक चमचा."

मी तिथल्या पिंपावर बसले. त्याने सांगितलं तेही कामाचं सांगावं तसंच. मे महिनाभर त्याने हिशेब केला. सगळी टाकली तर दिसेल. पाव टाकली तरी डाग पडेल. एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम, तेवढं मातीला कळणार नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेतली. बारीक बी पेरताना वाळू मिसळतात, म्हणजे एका जागी पडत नाही. पण बाहेरची वाळू सातमध्ये न्यायची नाही, म्हणून त्याने सातचीच बादलीभर माती आधी काढून वाळवून ठेवली होती. तिच्यात चमचा मिसळला आणि कापणीनंतर सगळ्या प्लॉटभर मुठीमुठीने फेकली, उभी आणि मग आडवी. बूट झाडून गेला होता.

"मग दिसणार नाही हे तुला माहीतच होतं," मी म्हटलं. "हिशेब करूनच टाकलीस ना? मग पुन्हा कशाला करायचं?"

"काटा जुना आहे आमचा," तो म्हणाला. "आणि तेव्हा हात जरा हलत होता. जास्तही पडली असेल."

मी त्याच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षं या माणसाने दर ऑक्टोबरला माझ्या दारात येऊन विचारलं होतं, 'काही नाही ना?' आणि 'नाही' ऐकून निवांत परत गेला होता. आज त्याला ते ऐकायचं नव्हतं.

"चल," मी म्हटलं.

तो प्रयोगशाळेत आला, दारात बूट काढले, मोज्यांवर आत आला. मी उरलेली माती तोलली, द्रावण घातलं, हलवायच्या यंत्रावर लावली. अर्धा तास यंत्र खडखडत होतं. मग गाळलं, औषध घातलं, नळी स्टँडला लावली आणि तिच्यामागे पांढरा कागद धरला, म्हणजे रंग लवकर कळतो. क्लिफने स्टूल पुढे ओढलं आणि नाक नळीला लागेल इतका वाकून बसला.

दहा मिनिटं. मी घड्याळ बघत होते, तो नळी. एकदा म्हणाला, "आली वाटतं जराशी." मी वाकून बघितलं. फिकी होती, दरवर्षी असते तेवढीच.

"खोटं सांगू नकोस हं, मिला," तो नळीवरची नजर न हलवता म्हणाला. आणि खरं सांगते, माझ्या ओठांवर चार आलेलं होतं. तीनऐवजी चार. काय बिघडलं असतं? कागदावर तीन लिहिलं असतं आणि तोंडाने त्याला चार सांगितलं असतं. पण तो यंत्राच्या पडद्यासमोर येऊन उभा राहिला. मी नळी आत ठेवली आणि बटण दाबलं. आकडा त्याने माझ्याआधी वाचला.

तीन.

क्लिफने मान हलवली. सरळ उभा राहिला, टोपी डोक्यावर घातली, परत काढली. दाराशी जाऊन बसला आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागला. एका बुटाची बांधली आणि थांबला.

"मग दोन चमचे चालले असते," तो म्हणाला.